पितळी पत्र्यावरच्या खुणा

दातारांनी मला फसवलं. पैशांत नव्हे. पैशांत मला फसवेल असा दुकानदार लक्ष्मी रोडवर तेव्हाही नव्हता, आजही नसेल. माझ्या हातच्या कामावर त्यांनी स्वतःची खूण कोरली, आणि हे मला जवळजवळ चाळीस वर्षांनी, मागच्या आठवड्यात कळलं. एका कॅमेऱ्याचं पुढचं झाकण उघडलं तेव्हा.

दसरा होऊन आता दहा-बारा दिवस झालेत. पावसानं या वर्षी नवरात्रातही पाठ सोडली नव्हती, आणि मग एका दिवसात असं ऊन पडलं की कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही. सगळ्यांच्या गाद्या आणि रजया कठड्यावर आल्यात. त्यांच्या शेजारी मी परातीत पांढरं फडकं पसरून भिंगं मांडते. भिंगावर बुरशी धरते ती कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडून मध्यावर सरकत जाते. आधी पुसायचं, मग ऊन दाखवायचं. बुरशीला ऊन सोसत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी रोज विचारतात, आज काय वाळत घातलंय, सांडगे का? मी सांगते, जर्मनीचे आहेत, तुमच्या तेलात फुलायचे नाहीत.

मी जुने कॅमेरे दुरुस्त करते. रोल घालायचे, आत घड्याळासारखी चाकं आणि स्प्रिंगा असलेले, बॅटरीचं नाव नसलेले. मधली वीस वर्षं हे काम जवळपास मेलं होतं. तेव्हा मी मिक्सर आणि शिलाई मशिनं दुरुस्त केली, त्याची मला लाज नाही. आता आयटीतली पोरं आजोबांचे कॅमेरे माळ्यावरून काढून आणतात. त्यांना भाव करता येत नाही. मी पहिला आकडा सांगते आणि ती लगेच हो म्हणतात. इतकी चीड येते की कधीकधी मीच कमी करते.

या धंद्याचा हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा आणि तुळशीच्या लग्नाला संपायचा. तुळशीचं लागलं की माणसांची लागायला लागतात, आणि मग फोटोग्राफरला कॅमेरा हातात हवा. त्याआधी पावसाळाभर तो कपाटात. कुणी तो चामड्याच्या पेटीतच ठेवलेला. चामडं ओल पितं आणि भिंगाला पाजतं. कुणी शहाणपणा करून तांदळाच्या डब्यात पुरलेला. ओल गेली, पण तांदळाची पिठी चाकांच्या दात्यांत बसली. आणि या सगळ्यावर दसऱ्याची पूजा. वर्षभर ज्याच्यावर पोट भरलं त्या कॅमेऱ्याला फोटोग्राफर पाटावर बसवायचा, झेंडू वाहायचा, आणि घरातली बाई मनोभावे हळदीकुंकू लावायची. कुठं? कपाळ समजून नेमकं तिथं, जिथं शटरचा दांडा सरकायची बारीक खाच असते. कुंकू आत जायचं, जुन्या तेलात कालवलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा मुका. मी शटरच्या पात्यांमधून लाल चिखल काढलाय, अक्षता काढल्यात, एकदा आपट्याच्या पानाचा देठ काढलाय. मी ओरडले की फोटोग्राफर खाली बघून म्हणायचा, आईनं लावलं हो. आईपुढं काय बोलणार? मी दर वाढवायची.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. खोलीत सुटे भाग धुवायच्या पांढऱ्या पेट्रोलचा, आणि भिंतीपलीकडून शेजाऱ्यांच्या चिवड्याच्या फोडणीचा. दिवाळीत घरोघरी फराळाची ताटं फिरायची आणि मी काळ्या बोटांनी दारातूनच हात जोडायची, नंतर खाते म्हणून. ते नंतर तुळशीच्या लग्नापर्यंत यायचं नाही. तोवर लाडू दगडासारखे झालेले असायचे. मी ते हातोडीनं फोडून खाल्लेत, आणि मजेत खाल्लेत.

या कामात मी आले ती भांडत. वडील भवानी पेठेत गुळाच्या गाळ्यावर हमाल, माझं शिक्षण सातवी. एका स्टुडिओत छापलेल्या फोटोंवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्यानं भरायचं काम मी करायची. स्टुडिओचा कॅमेरा बिघडला तेव्हा मालकांनी मला रविवार पेठेत रशीदचाचांकडे पाठवलं. चाचा मुळात घड्याळजी. कपाटाएवढं दुकान, त्यात ते आणि चाळीस-पन्नास टिकटिकणारी घड्याळं. मी अर्धा तास घासाघीस केली आणि त्यांना चांगलंच खाली आणलं. मग मला संशय आला की इतक्या स्वस्तात माणूस काम कसं करील. आतला चांगला भाग काढून घेईल. म्हणून म्हटलं, माझ्यासमोर उघडा. ते म्हणाले, दोन दिवस लागतील. मी म्हटलं, बसते.

आणि बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं परत जोडताना त्यांनी एका स्क्रूला चिमटा लावला, तर मी म्हणाले, तो नव्हे, डावीकडचा, त्याचं टोक चपटं होतं. चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढून माझ्याकडं पाहिलं. चपट्या टोकाचाच उचलला, बसवला, आणि म्हणाले,

"पोरी, भाव करायला आलीस आणि धंदाच उचलून चाललीस की."

पुढची सहा वर्षं मी संध्याकाळी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर असायची. शिकवताना ते फार कमी बोलत. मी घरचा मिसळणाचा डबा नेला, सात वाट्यांचा. काढलेले स्क्रू ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं वाट्यांत ठेवायचे. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी स्वतःसाठी एक आणवला. त्यांच्या बीबींना वाटलं, म्हातारा आता स्वयंपाक शिकतोय.

खुणांची रीत त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितली. घड्याळजींची ती जुनी पद्धत. जो कुणी यंत्र उघडून नीट करील, त्यानं आतल्या पत्र्यावर सुईनं आपली बारीक खूण आणि साल कोरायचं. मालकाला ते कधी दिसत नाही. दिसतं ते पुढं कधी तरी झाकण उघडणाऱ्या कारागिराला. त्याला कळतं की आपल्याआधी इथं कोण येऊन गेलं आणि केव्हा. चाचांची खूण उर्दूतलं रे, विळ्याच्या पात्यासारखं. माझी, शालिनीतलं शा. नियम एकच होता, आणि तो सांगताना मात्र ते हातातलं काम बाजूला ठेवत. आधीच्याची खूण पुसायची नाही. त्यानं काम वाईट केलेलं असलं तरी नाही. आपली त्याच्याखाली.

दातारांचं दुकान म्हणजे काचेची कपाटं, निळे दिवे, आणि गल्ल्यावर स्वतः दातार, इस्त्रीच्या सदऱ्यात. नवे कॅमेरे विकायचे आणि जुने दुरुस्तीला घ्यायचे. त्यांचा कारागीर सोडून गेला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. माझं काम त्यांना ठाऊक होतं. अडचण एकच, ती त्यांनी अगदी सभ्यपणे मांडली: गिऱ्हाईक म्हणतं, जर्मन मशीन बाईच्या हातात कसं द्यायचं? तर आपण सांगू या की मुंबईला पाठवतो. आपली काही हरकत?

माझ्या कानाची पाळी तापली होती. पण मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, डोक्यावर दोन भावांची शिक्षणं. मी म्हटलं, नाव झाकायचं तर झाकणाचा वेगळा दर पडेल. दीडपट. त्यांनी सव्वापट म्हटलं. मी पिशवी उचलली. ते दीडपटीवर आले. मग मी अट घातली, आणि ही अट मला शब्दन् शब्द आठवते, कारण ती मी दोनदा सांगितली. बाहेर तुम्ही कुणाचंही नाव सांगा. आत माझी खूण राहील.

दातार हसले. "ठेवा हो. आत कोण बघतंय?"

"जो बघायच्या लायकीचा असेल तो," मी म्हणाले.

असा सौदा झाला. बाहेरचं नाव मी विकलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्याच पैशांतून एक भाऊ इंजिनियर झाला.

ज्या हंगामाबद्दल मी लिहायला बसले, तो यानंतर चार वर्षांनी आला. त्या वर्षी यंदासारखाच पाऊस लांबला होता. दसऱ्याला झेंडू भिजलेला, आणि दुसऱ्याच दिवसापासून दातारांकडून पिशव्या यायला लागल्या. कसब्यातल्या माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत चालायला जागा राहिली नाही. चाचांच्या डोळ्यांत त्या वर्षी मोतीबिंदू पिकला होता. दुकान त्यांनी उन्हाळ्यातच बंद केलेलं. घरी बसून ते चिडचिडे झाले होते, म्हणून त्यांचा मुलगा रोज सकाळी त्यांना रिक्षानं माझ्याकडं सोडायचा. ते खिडकीशी बसायचे, उन्हाकडे तोंड करून. म्हणायचे, माझ्या भिंगालाही बुरशी धरलीय, वाळत घाल मला.

डोळे गेले तरी कान होते. शटर एक सेकंदावर लावलं की आतली चाकं किर्रर्र करत फिरतात आणि शेवटी टक होतं. तो आवाज बरोबर एक सेकंद चालला पाहिजे, आणि एकसारखा. मी कॅमेरा त्यांच्या कानाशी धरायची आणि दाबायची. ते म्हणायचे, घाईत आहे. मी पुन्हा उघडायची, तेलाचा थेंब कमी करायची. ते म्हणायचे, आता लंगडतोय. पुन्हा. मग कधी तरी ते नुसती मान हलवायचे, आणि मी तो कॅमेरा झालेल्यांच्या रांगेत ठेवायची. त्या महिन्याभरात मी जितकं शिकले तितकं आधीच्या सहा वर्षांत शिकले नव्हते. दुपारी आम्ही डबा खायचो. माझ्या आमटीत मीठ किती आहे हे ते कॅमेऱ्याच्याच भाषेत सांगायचे. लंगडतेय.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी पिशवीतून एक दोन भिंगांचा कॅमेरा काढला. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो. कुंकवानं पार जाम झालेला. मालक हडपसरचा, शेती करून लग्नांचे फोटो काढणारा, सोपानराव म्हणून. मी शटर धुतलं, जोडलं, चाचांच्या कानाशी धरलं. त्यांनी एकदा ऐकलं. म्हणाले, पुन्हा. मग म्हणाले,

"हा सोपानरावांचा. आत बघ, मी असेन. दोनदा."

मी त्यांना मालकाचं नाव सांगितलं नव्हतं. पुढचं झाकण काढून पितळी पत्रा दिव्याखाली धरला. दोन रे होते, एकाखाली एक, खाली सालं. मी त्यांचं बोट धरून नख त्यावर टेकवलं. पहिल्या वेळी स्प्रिंग तुटली होती, म्हणाले, नवी मिळेना, मी घड्याळाची घासून बसवली. दुसऱ्या वेळी सोपानराव विहिरीत पडले होते कॅमेऱ्यासकट, वर आल्यावर आधी कॅमेरा पुसला. ती घड्याळाची स्प्रिंग अजून आत होती. मीच नुकती धुऊन परत बसवली होती.

"तुझी खाली घाल," ते म्हणाले.

मी शा कोरला आणि साल घातलं. तुळशीच्या लग्नापर्यंत खोली रिकामी झाली. पुढच्या चैत्रात चाचा गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. पन्नास वर्षं कॅमेरे हाताळलेल्या माणसाचा फोटो कुणी काढला नाही, आणि त्यात मीही आले. त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, पाटीवर नाही. कुठं असेल तर अशा पत्र्यांवर, झाकणाखाली.

मागच्या आठवड्यात एक मुलगी आली. ऋतुजा. हडपसरच्या आयटी पार्कात काम करते. पिशवीतून तिनं तोच, सोपानरावांचा कॅमेरा काढला. मी चामडं बघूनच ओळखला. ती म्हणाली, "काकू, हा माझ्या आजोबांचा. स्लो स्पीड अडकतात. अ‍ॅक्च्युअली हा पूर्वी दातारसरांनी रिपेअर केलाय. त्यांचं एक्झिबिशन चालू आहे ना कोथरूडला, तिथं त्यांनी कॅमेरे उघडून ठेवलेत, आणि मॅग्निफायिंग ग्लासमधून आत त्यांची सही दिसते. सो क्यूट. याच्यात पण असेल ना?"

मी म्हटलं, बघू या. तिच्यासमोरच उघडला; माझी अजून तीच पद्धत आहे. पितळी पत्रा बाहेर आला. जिथं दोन रे आणि एक शा होते तिथं पॉलिश पेपरनं घासलेली, आरशासारखी चकचकीत जागा होती. मधोमध एक द, भोवती गोल.

मुलीनं टाळी वाजवली. मी पाणी प्यायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोथरूडला गेले. छोटा हॉल, भिंतीवर फोटो, टेबलांवर काचेखाली उघडलेले कॅमेरे, प्रत्येकाशेजारी एक भिंग दोरीनं बांधलेलं. अकरा कॅमेरे होते. अकराही मी ओळखले. कुठल्यात कुठलं पातं मी बदललं, कुठल्यात बुरशीनं भिंगाचा लेप खाल्लेला, सगळं आठवलं. अकरांतही गोलातला द. दातार कोपऱ्यात खुर्चीवर, भोवती पाच-सहा तरुण मुलं, सर सर करणारी. वय झालंय, पण सदऱ्याला इस्त्री तीच.

मी आवाज चढवणार हे त्यांना माझ्या चालण्यावरूनच कळलं असावं. त्यांनी मुलांना चहाला पाठवलं. मी विचारलं, माझ्या खुणा का खरवडल्या? ते शांतपणे म्हणाले की त्यात एवढं काय, दुसऱ्या कुणा कारागिरानं उघडलं असतं तर शा कोण म्हणून बोभाटा झाला असता, दुकानाची अब्रू गेली असती. काम आमच्या दुकानाचं होतं. तुम्ही आमच्यासाठी करत होता. मग चष्मा पुसत म्हणाले,

"अहो शालिनीबाई, नाव नको हे आपण कबूल केलं होतंत. दीडपट घेऊन. विसरलात?"

मी म्हणू शकले असते की अट होती, आत खूण राहील ही अट होती, आणि तुम्ही ठेवा हो म्हणाला होतात. पण त्याला साक्षीदार नाही आणि कागद नाही. माणूस सौदा करतो तेव्हा आपण काय विकलं एवढंच समोरच्याच्या लक्षात राहतं. काय राखून ठेवलं ते आपल्यापाशी. मी बाहेर पडले. त्यांनी मागून चहाचं विचारलं, तेही ऐकलं.

बसमध्ये खिडकीशी बसले तेव्हा राग हळूहळू जागेवर आला. माझा राग असा आहे, आधी उडतो आणि मग नीट बसतो. मला वाटत होतं की मी हरले, आणि माझ्या खुणेपुरती हरलेही होते. अर्धं नाव विकणाऱ्यानं उरलेल्या अर्ध्याची राखण करायची असते. मी केली नाही. एकदाही एखादा कॅमेरा परत मागवून पत्रा तपासला नाही. पैसे मोजून घेणारी बाई मी, पण आतलं मोजलं नाही. ती चूक माझी. तिचं खापर मी कुणावर फोडणार नाही.

पण त्या पत्र्यावर मी एकटी नव्हते.

ऋतुजाचा कॅमेरा माझ्या टेबलावर तयार आहे. चाकं धुतली, तेल दिलं, एक सेकंद बरोबर एक सेकंद चालतो. घड्याळाची ती स्प्रिंग अजून चांगली आहे. तिला मी हात लावलेला नाही. द पुसलेला नाही. हातात पॉलिश पेपर होता, अर्ध्या मिनिटाचं काम होतं, पण आधीच्याची पुसायची नाही म्हणजे नाही. माझी खूणही अजून घातलेली नाही. खाली जागा आहे, पण ज्याच्याखाली घालायची तो तिथं नाही.

तर दातार, आता नीट ऐका. माझ्या खुणेचा हिशेब तुम्ही त्या दिवशी तोंडावर मांडलात आणि मी तो मान्य करते. पण रशीदचाचांनी तुमच्याशी सौदा केला नव्हता. ते तुमच्या दुकानाची पायरी कधी चढले नाहीत, दीडपट सोडा, तुमच्याकडून एक कप चहा त्यांनी घेतला नाही. त्यांच्या खुणा तुमच्या दुकानापूर्वीच्या होत्या. त्या दोन्ही तुम्ही कुणाला विचारून घासल्यात? आणि त्या अकरांत अशा आणखी किती होत्या? मला सांगू नका. ती मुलगी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कॅमेरा न्यायला माझ्याकडे येते आहे. या, तिच्यासमोर बसा, आणि तिच्या आजोबांचा कॅमेरा कोणी जगवला ते नाव घेऊन तिला सांगा.